शेवटचा घोडा

मुलाखतीत मी ठासून सांगितलं होतं:
मला पुढारी व्हायचंय.
टेबलापलीकडच्या तिघांनी माना डोलावल्या.
ग्युमरीच्या आमच्या शाळेत दोन वर्षं
माईक माझ्याच हातात असायचा,
आणि आई म्हणायची, आर्पिने,
जरा श्वास घे, म्हणजे दुसऱ्यालाही घेता येईल.

मग वर्षभरासाठी आइसलँड.
उत्तरेकडचं शेत, तीनशे चाळीस मेंढ्या, एक टपालपेटी,
आणि यजमानीण स्टेनून,
दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारी.
त्यातली मला दोन कळायची.

पहिले पाच आठवडे मी मुकी.
जीभ होती, तिला काम नव्हतं.
कानडोळे मात्र राबायला लागले:
रागावलेलं माणूस दार कसं लावतं,
थोरली हसली की धाकटा का उठून जातो,
हे मला त्यांच्या व्याकरणाआधी कळलं.

सप्टेंबरात डोंगरावरची मेंढरं खाली आणतात.
पाच गावं, छत्तीस घोडे,
आणि सगळ्यांवर मिळून एक 'डोंगरराजा'.
मला वाटलं, दाढीवाला कुणी असणार.
राजा म्हणजे आमची स्टेनूनच निघाली,
नाकाखाली तपकिरीचा डाग, कानांवर ओढलेली लोकरी टोपी.

पहाटे सगळे घोडे तिला ओलांडून गेले.
ती थांबून राहिली, मग निघाली,
शेवटची.
आमच्या भाषेतही पुढाऱ्याच्या पोटात
'पुढे' हाच शब्द दडलेला आहे.
मला ते कोडं सुटेना.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी कळप रेंगाळला
आणि माझ्यातला माईक जागा झाला.
जाकीट फडकावलं, आरोळ्या ठोकल्या.
चाळीस मेंढ्या बुजून घसरड्या दगडांवर चढल्या,
तिघांचा अर्धा दिवस मातीत गेला.
कुणी काही बोललं नाही.
(बोलले असते तर बरं झालं असतं.)

स्टेनूननं थर्मासच्या झाकणात कॉफी दिली,
दगडी कुंपण ढासळलं होतं तिथवर नेलं
आणि म्हणाली, इथे.
खिंड लढवायची नव्हती,
नुसतं खिंडीत उभं राहायचं होतं.
दोन तास. पाऊस आडवा, सुयांसारखा.
मेंढ्या आल्या, माझ्याकडे बघितलं,
वळल्या, खाली गेल्या.
मी काहीच केलं नव्हतं,
आणि आयुष्यात इतकी उपयोगी कधी पडले नव्हते.

संध्याकाळी धुकं. समोर नदी.
क्राउका, काळीपांढरी, लांब पायांची,
कळपाची वाटाडी मेंढी, पाण्याशी अडून बसली.
स्वारांनी रेटायला घेतलं.
मागून स्टेनूनचा हात वर झाला: थांबा.
क्राउका वास घेत वरच्या अंगाला गेली, तिथून उतरली,
आणि सगळं डोंगरभर पसरलेलं धन
तिच्यामागे एका ओळीत.
राजानं मेंढीचं ऐकलं होतं.

पलीकडे पोचल्यावर मी पाहिलं,
स्टेनून ओठ न हलवता मोजत होती.
मेंढ्या नाही. माणसं.
आणि घोडा वळवून पुन्हा धुक्यात शिरली.
तासाभरानं परतली ती डागुरला घेऊन,
तेरा वर्षांचा, घोडा लंगडलेला,
हाक मारायची लाज वाटली म्हणून
दगडाआड बसून राहिलेला.

आता मी घरी आहे.
आमच्या इमारतीचा पंप बिघडलाय, बारा बिऱ्हाडं,
अंगणात बैठक. खुर्ची पुढे मांडली माझ्यासाठी:
परदेशातून आलीस ना, बोल की!

मी जिन्यापाशी उभी राहते, सगळ्यांच्या मागे.
मोजते.
अकरा.
तिसऱ्या मजल्यावरचे ह्मायाक काका नाहीत,
वीस वर्षं ज्यांनी तो पंप जगवला
आणि यंदा ज्यांना कुणी विचारलंच नाही.

जिना चढून दार वाजवते.
आतून खोकला, मग चपलांची फरफट, मग काहीच नाही.
खालून ओरडतात: सुरू करू या का?

नको, म्हणते मी कठड्यावरून वाकून,
एक कमी आहे.